तिसऱ्या-चौथ्या बॅचला बिअर बिघडते: जुनं यीस्ट वापरताना कुठे शोधायचं

पाकिटातल्या यीस्टची पहिली बॅच उत्तम होते. तळाचा साका बरणीत भरून ठेवला, त्यावर दुसरी केली, तीही बरी निघाली. तिसरी किंवा चौथी मात्र 1.020 घनतेवर (पाण्याची 1.000; साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो) येऊन अडकते, किंवा तिला लवंगेसारखा, कधी दवाखान्यासारखा वास येतो, किंवा बाटली उघडताच निम्मी बिअर फेसाबरोबर टेबलावर येते. मग साका फेकायचा, नवं पाकीट आणायचं. बिअर पुन्हा उत्तम होते. आणि तीन बॅचनंतर तोच प्रकार.

घरी बिअर करणाऱ्या परदेशातल्या मराठी मंडळींकडून ही तक्रार मी वारंवार ऐकतो, आणि तिच्यासोबत ठरलेलं निदानही ऐकतो: यीस्ट दमलं असणार.

यीस्ट असं दोन-तीन बॅचमध्ये दमत नाही. इंग्लंडमधल्या ल्यूइस गावची हार्वीज ब्रुअरी 1957 साली दुसऱ्या ब्रुअरीकडून आणलेलं यीस्ट दशकानुदशकं एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये घालत आली आहे. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकरी घरांनी क्वाइक नावाचं यीस्ट वाळवून पिढ्यान्‌पिढ्या जपलं. साधारण ब्रुअरी आठ-दहा वेळा वापरून नवं कल्चर घेतात, तेही खबरदारी म्हणून. घरच्या बरणीत तिसऱ्याच फेरीला जे बिघडतं ते हाताळणीमुळे. विरजणाचं जसं असतं, कालचं दही जास्त आंबलं असेल तर आजचंही तसंच लागतं, तसंच या साक्याचं आहे. मागच्या बॅचमध्ये यीस्टवर जे जे गुदरलं ते सगळं बरणीतून पुढच्या बॅचमध्ये येतं. म्हणून बिघाड तिसऱ्या बॅचमध्ये दिसला तरी त्याचं मूळ बहुधा दुसरीत असतं, कधीकधी पहिलीतच.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे हे लिखाण जिथे मुभा आहे तिथल्या लोकांसाठी आहे. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत 1978 च्या केंद्रीय कायद्याने घरटी वर्षाला 100 गॅलन, आणि घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200 गॅलन बिअर करता येते. विकता मात्र येत नाही.

आधी यीस्टवर आळ घेऊ नका

"1.020 वर अडकली" असं कोणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, मोजलं कशाने? रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाने, मोजलं असेल तर बिअर कदाचित अडकलेलीच नाही. अल्कोहोल तयार झालं की रिफ्रॅक्टोमीटर चढा आकडा दाखवतो. 12 ब्रिक्सने (साखरेचं टक्क्यांतलं माप) सुरू झालेली बिअर 6 ब्रिक्सवर थांबली, की सरळ रूपांतर केल्यास 1.023 च्या आसपास आकडा येतो. अल्कोहोलची दुरुस्ती लावली तर तीच बिअर 1.011 च्या जवळ असते, म्हणजे व्यवस्थित पूर्ण झालेली. शेवटचं मोजमाप हायड्रोमीटरनेच, म्हणजे द्रवात तरंगून घनता दाखवणाऱ्या नळीनेच, घ्या. साध्या पाण्यात तो 1.000 दाखवतो का, हेही एकदा पाहून ठेवा.

दुसरी शंका मॅशच्या थर्मामीटरची. मॅश म्हणजे दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवून साखर उतरवणं. 66 अंश समजून तुम्ही प्रत्यक्षात 70 ला मॅश करत असाल तर वर्टमध्ये, म्हणजे मॅशमधून निघणाऱ्या गोड रसात, न आंबणारी साखर जास्त उतरते. मग बिअरचं कुठलंही साधं यीस्ट आणलं तरी ती 1.018-1.020 वरच थांबणार. बर्फ घातलेल्या पाण्यात थर्मामीटर शून्य दाखवतो का ते बघा, आणि शरीराच्या तापमानाच्या वर त्याची तुलना दुसऱ्या चांगल्या थर्मामीटरशी करा.

या दोन्ही शंका एका झटक्यात मिटवणारी एक चाचणी आहे, आणि ती न करता साका फेकणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. ज्या दिवशी बिअर कराल त्या दिवशी थंड झालेल्या वर्टमधून दोन बरण्या बाजूला काढा, दोन्ही निर्जंतुक केलेल्या. पहिलीत 250-300 मिलिलिटर वर्ट आणि त्यात नव्या पाकिटातलं सुकं यीस्ट सढळ हाताने. ती 24-25 अंशांच्या उबेत ठेवा आणि मधूनमधून हलवा. दोन-तीन दिवसांत ती जितकी खाली जाते तितकीच त्या वर्टची मर्यादा. बरणी 1.018 वर आणि मोठी बॅच 1.019 वर थांबली असेल तर यीस्ट निर्दोष आहे, मॅश सुधारा. बरणी 1.010 वर आणि बॅच 1.019 वर असेल तरच यीस्टकडे वळा.

दुसऱ्या बरणीत यीस्ट अजिबात घालायचं नाही. झाकण सैल ठेवून ती उबदार जागी असू द्या. दोन दिवसांतच तिच्यात बुडबुडे किंवा ढगाळपणा आला तर जंतू यीस्टच्या आधीच वर्टमध्ये शिरले आहेत: वर्ट गार करणाऱ्या चिलरमधून, नळीतून, तोटीतून. ती चार-पाच दिवस स्वच्छ राहिली आणि तरीही बिअर बिघडली, तर संशय सरळ साक्याच्या बरणीवर किंवा फर्मेंटरवर, म्हणजे बिअर आंबते त्या भांड्यावर, जातो.

उशिरा सुरू होते आणि अर्ध्यात थांबते

इथे प्रश्न पेशींच्या संख्येचा आणि त्यांच्या तब्येतीचा असतो. आधी संख्या पाहू.

एलसाठी, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरसाठी, रूढ हिशेब असा आहे: दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला (हेही ब्रिक्ससारखंच साखरेचं माप) साडेसात लाख पेशी. लागरसाठी, म्हणजे थंडीत आंबणाऱ्या बिअरसाठी, दुप्पट, पंधरा लाख. 20 लिटर वर्ट, सुरुवातीची घनता 1.048 म्हणजे जवळपास 12 प्लेटो. गुणाकार केला की एलसाठी 180 अब्ज आणि लागरसाठी 360 अब्ज जिवंत पेशी लागतात. नीट बसलेल्या दाट साक्याच्या एका मिलिलिटरमध्ये, थोडा ट्रब (माल्ट आणि हॉप्स या कडू फुलांचा गाळ) मिसळलेला असताना, साधारण एक अब्ज पेशी धरायला हरकत नाही. म्हणजे आठवड्याच्या आतला ताजा साका असेल तर 20 लिटरच्या एलला सुमारे 200 मिलिलिटर पुरतो. पातळ, वर पाणी तरंगणारा 200 मिलिलिटर नव्हे. बरणी फ्रिजमध्ये निवळू द्या, वरची निवळी ओतून टाका आणि मग खालचा दाट भाग मोजा.

जसजसे दिवस जातात तसतशा पेशी मरतात, आणि ज्या जगतात त्या आपला साठवलेला ग्लायकोजेन खाऊन रोडावतात. दोन आठवड्यांपर्यंतचा साका मी थोडा जास्त घेऊन सरळ वापरतो. महिना उलटलेला असेल तर स्टार्टरशिवाय, म्हणजे आधी थोड्या वर्टमध्ये वाढवून घेतल्याशिवाय, वापरू नये असं माझं ठाम मत आहे. पेशी जिवंत दिसल्या तरी त्यांच्या अंगात सुरुवात करण्याइतकं त्राण राहिलेलं नसतं.

कमी घालण्याची भीती सगळ्यांना असते, पण घरच्या ब्रूअरचा नेहमीचा दोष उलटा आहे. बॅच काढली की त्याच फर्मेंटरमध्ये, त्याच सबंध साक्यावर नवं वर्ट ओतायचं. दुसऱ्या दिवशी फेस एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप) बाहेर येतो आणि माणूस खूश होतो. 20 लिटरच्या बॅचखाली अर्धा ते एक लिटर साका बसतो, म्हणजे लागतो त्याच्या तिप्पट ते पाचपट. एवढ्या पेशी असल्या की त्यांना वाढायची गरजच उरत नाही. योग्य प्रमाणात घातलेलं यीस्ट एका बॅचमध्ये दोन-तीनदा दुपटतं. तीनदा दुपटलं की साक्यातल्या आठापैकी सात पेशी नव्या जन्मलेल्या असतात. पाचपट घातलेलं यीस्ट धड एकदाही दुपटत नाही, म्हणजे निम्म्याहून जास्त पेशी जुन्याच राहतात. पुढच्या फेरीत त्याच जुन्या पेशी पुन्हा, सोबत आधीचा सगळा ट्रब, हॉप्सचा चिकट थर आणि मेलेलं यीस्ट. तिसऱ्या फेरीपर्यंत बिअरला मांसाच्या रश्शासारखी, जळक्या रबरासारखी चव येऊ लागते. ते मेलेल्या पेशी फुटून आतला माल बिअरमध्ये आल्याचं लक्षण आहे. साका मोजून घाला, उरलेला फेकून द्या. वाया जातो असं वाटेल, पण यीस्ट तरुण राहतं ते यानेच.

आता तब्येतीबद्दल, आणि इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण बहुतेक घरांत बिघाड इथेच सापडतो.

सुकं यीस्ट वापरणाऱ्यांचा एक ठराविक अनुभव असतो. पाकीट थेट वर्टवर भुरभुरलं, हवा मिसळली नाही, काही केलं नाही, आणि बिअर सुरेख झाली. ते खरंही आहे. फर्मेंटिस आणि लालमाँ या दोन्ही कंपन्या सांगतात की पहिल्या वेळी सुक्या यीस्टला वर्टमध्ये हवा मिसळायची गरज नाही. कारण कारखान्यात ते भरपूर हवेत वाढवलेलं असतं. यीस्टला पेशीभोवतीचं आवरण बांधायला स्टेरॉल लागतात, आणि स्टेरॉल तयार करायला ऑक्सिजन लागतो. पाकिटातल्या पेशी हा साठा बरोबर घेऊनच येतात.

पण बिअरमध्ये वाढलेल्या पेशींचं तसं नाही. एक पेशी दोन झाली की तिच्याजवळचे स्टेरॉल दोघींत वाटले जातात, दोनाच्या चार झाल्या की चौघींत. तळाशी बसलेला साका या बाबतीत जवळजवळ रिकामा असतो. तुम्ही दुसऱ्या बॅचला पहिल्यासारखंच, हवा न मिसळता, तो घालता. बिअर सुरू होते, फेसही येतो, पण शेवटच्या टप्प्यावर आवरण कमकुवत पडलेल्या पेशींना अल्कोहोल सोसत नाही आणि त्या साखर उरलेली असतानाच तळ गाठतात. बिअर घनतेचे चारपाच पॉइंट वर (1.010 ऐवजी 1.015 असं) अडकते, लोण्यासारखी किंवा कच्च्या सफरचंदासारखी चव मागे ठेवते. आणि मग याच कमकुवत पेशी तुम्ही तिसऱ्या बॅचसाठी जपून ठेवता. दर फेरीला अडकण्याचा आकडा वाढत गेला, 1.012, 1.015, 1.019 असा, आणि तुम्ही हवा मिसळत नसाल, तर दुसरं कारण शोधण्याआधी हे दुरुस्त करा.

उपाय साधा आहे. थंड झालेलं वर्ट फर्मेंटरमध्ये घेतल्यावर, यीस्ट घालण्याआधी किंवा घातल्याबरोबर, चार-पाच मिनिटं जोरात घुसळा. साध्या हवेने विरघळलेला ऑक्सिजन 8 पीपीएमच्या पुढे जात नाही, पण 1.050 पर्यंतच्या एलला तेवढा पुरतो. त्याहून कडक बिअर असेल किंवा लागर असेल तर शुद्ध ऑक्सिजनची छोटी टाकी आणि बारीक छिद्रांचा दगड घ्या. मिनिटभर सोडला तरी काम होतं. फेस यायला लागल्यावर मात्र हवा लागू देऊ नका. तेव्हाचा ऑक्सिजन बिअर शिळी करतो. उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत जस्त असलेलं यीस्ट न्यूट्रियंट घातलं तर आणखी चांगलं. वर्टमध्ये बाकी सगळं भरपूर असतं, जस्त कमी पडतं.

तापमानाचं थोडक्यात. फ्रिजमधला साका सरळ 20 अंशांच्या वर्टमध्ये ओतण्यापेक्षा तो दोन तास आधी बाहेर काढून ठेवा. तळघरात हिवाळ्यात 14 अंशांवर एल करू पाहत असाल तर ती अडकणारच, त्यात जुन्या साक्याचा दोष नाही.

साक्यातला कोणता भाग घेता

फर्मेंटरच्या तळाशी एकसारखं यीस्ट नसतं. सगळ्यात खाली ट्रब आणि ज्या पेशी लवकर गोळा होऊन बसल्या त्या. मधे सायीच्या रंगाचा थर. वर शेवटी, आळसावत बसलेल्या पेशी. तुम्ही दर वेळी ज्या थरातून घ्याल त्याच स्वभावाचं यीस्ट पुढे वाढत जातं. खालचंच घेत राहिलात तर काम अर्धवट टाकून बसणाऱ्या पेशी वाढतात आणि बिअर दर फेरीला जरा गोड राहते. वरचंच घेत राहिलात तर न बसणाऱ्या पेशी वाढतात आणि बिअर महिनाभर निवळत नाही. तुमची तक्रार "अडकते" ही आहे की "गढूळ राहते" ही, यावरून चूक कुठल्या बाजूला होते ते कळतं.

बादलीत बिअर करणाऱ्यांनी असं करावं. बिअर काढून घेताना तळाशी दोनेक बोटं राहू द्यावी. बादली गोल फिरवून साका सैल करावा आणि निर्जंतुक केलेल्या मोठ्या बरणीत ओतावा. दहा-पंधरा मिनिटांत जड, काळपट भाग खाली बसतो. वरचा दुधाळ भाग दुसऱ्या बरणीत ओतून घ्यावा, तळाचा टाकून द्यावा. शंकूच्या आकाराचा फर्मेंटर असेल तर तोटीतून येणारा पहिला काळपट भाग टाकून सायीच्या रंगाचा येऊ लागला की भरावं. इंग्लिश एल आणि जर्मन गव्हाच्या बिअरची काही यीस्टं वर तरंगतात. त्यांचा वरचा पहिला तपकिरी फेस काढून टाकून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारा पांढरा, दाट फेस निर्जंतुक डावाने काढला तर त्याहून सुदृढ यीस्ट घरी मिळणं कठीण. दुर्दैवाने हे फार कमी लोक करतात.

वेळही महत्त्वाची. बिअर शेवटच्या आकड्यावर स्थिरावून चार-पाच दिवस झाले की साका काढावा. महिनाभर खोलीच्या तापमानात पडून राहिलेला साका पुढच्या बॅचसाठी ठेवू नये. तसंच 1.060 च्या वरच्या बिअरचा, खूप हॉप्स घातलेल्या आयपीएचा आणि काळ्या स्टाउटचा साकाही मी ठेवत नाही. पहिल्याला अल्कोहोलने मारलेलं असतं, दुसऱ्याच्या पेशींवर हॉप्सचे कडू पदार्थ चिकटलेले असतात, तिसरा पुढच्या फिकट बिअरचा रंग बिघडवतो. क्रम फिकटाकडून काळ्याकडे आणि हलक्याकडून कडक बिअरकडे असावा. एका पेल एलनंतर अंबर, त्यानंतर स्टाउट, आणि तिथे ती साखळी संपवावी.

धुण्याचा नाद

उकळून गार केलेल्या पाण्याने साका तीन-चारदा धुवून, पांढराशुभ्र करून ठेवण्याची पद्धत फार पसरली आहे. बरणी दिसते छान, पण माझा तिला विरोध आहे. पाण्याने ट्रब थोडा कमी होतो. जंतू मात्र यीस्टबरोबरच राहतात, निघून जात नाहीत. उलट ज्या बिअरमध्ये साका होता तिच्यात अल्कोहोल, हॉप्स आणि साडेचारच्या खालचा पीएच या तीन गोष्टी जंतूंना अडवत होत्या. पाण्याने तुम्ही तिन्ही काढून टाकता. शिवाय दर धुण्याला एक नवी बरणी, एक नवं ओतणं, हवेतून काही पडण्याची एक नवी संधी. साका त्याच्याच बिअरखाली ठेवा. 1 ते 4 अंश, फ्रिजच्या मागच्या बाजूला, दाराच्या फळीवर नको. आणि झाकण कधीही घट्ट लावू नका. यीस्ट थंडीतही थोडा वायू सोडत राहतं आणि काचेची बंद बरणी फुटू शकते.

ब्रुअरींमध्ये खरं धुणं आम्लाने होतं: फॉस्फोरिक आम्लाने साक्याचा पीएच 2.0 ते 2.2 वर आणायचा, 2 ते 4 अंशांत सतत ढवळत तास-दोन तास ठेवायचा, आणि लगेच वापरायचा. यात जिवाणू मरतात, पण रानटी यीस्ट मरत नाही. लुई पाश्चर यांनी 1876 साली बिअरवरच्या आपल्या ग्रंथात भर दिला तो जिवाणूंवर. त्यानंतर कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी दाखवून दिलं की घातलेल्या यीस्टमध्येच मिसळलेलं रानटी यीस्टही बिअर बिघडवतं. 1883 साली त्यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, आणि कार्ल्सबर्गने ते इतर ब्रुअरींनाही मोफत दिलं. तेव्हापासूनचा नियम घरीही लागू आहे: साक्यात रानटी यीस्टचा संशय आला की तो कशानेही शुद्ध होत नाही. फेकून द्या.

वास बदलला, बाटल्या फसफसल्या

बिघाड तिसऱ्याच फेरीला का दिसतो, याचं उत्तर इथे आहे. पहिल्या बॅचमध्ये शिरलेले मूठभर जंतू चवीला कळत नाहीत. पण ते साक्यात बसतात, बरणीत जातात, आणि पुढच्या वर्टमध्ये यीस्टबरोबर पुन्हा वाढतात. यीस्ट तुम्ही मोजून घालता, त्यांना कोणी मोजत नाही. दोन फेऱ्यांत ते चव बदलण्याइतके होतात.

कोण शिरलं आहे ते लक्षणांवरून बऱ्यापैकी ओळखता येतं. स्वच्छ, ताकासारखा आंबटपणा आणि रेशमासारखा चमकणारा ढगाळपणा असेल तर लॅक्टोबॅसिलस. लोण्याचा वास आणि बिअरला तार सुटत असेल तर पेडिओकॉकस. व्हिनेगरचा वास आला तर हवा कुठून तरी आत जाते आहे, आणि बहुधा चिलटंही. सुरुवातीलाच कोबी शिजल्यासारखा वास येऊन नंतर विरतो, तेव्हा यीस्ट फार उशिरा सुरू झालं आहे आणि मधल्या वेळात दुसऱ्यांनी हात मारला आहे.

सगळ्यात धोक्याचं लक्षण मात्र आंबट नसतं. बिअर अपेक्षेपेक्षा खाली जाते, 1.010 ऐवजी 1.003, लवंगेचा, मिऱ्याचा वास येतो, आणि बाटलीत भरल्यावर आठवड्यांमागून आठवडे दाब वाढतच जातो. हे डायस्टॅटिकस जातीचं यीस्ट. साधं यीस्ट ज्या लांब साखळीच्या साखरा सोडून देतं त्या हे तोडून खातं. ते रानातून येण्याची गरज नाही, तुमच्याच कपाटातून येऊ शकतं: बेल सेझों आणि डब्ल्यूबी-06 ही दोन्ही लोकप्रिय सुकी यीस्टं याच जातीची आहेत. तुम्ही कधी ती वापरली असतील, आणि तीच प्लास्टिकची बादली, तीच तोटी, तीच नळी पुढे पेल एलला वापरली असेल, तर शोध तिथून सुरू करा. आधीच भरलेल्या बाटल्या असतील तर डोळ्यांना चष्मा आणि हातांना जाड मोजे घालून, टॉवेलमध्ये गुंडाळून त्या फ्रिजमध्ये हलवा आणि गार झाल्यावर एकेक उघडून ओतून टाका. काच फुटण्याचा धोका खरा आहे.

स्वच्छता म्हणजे सॅनिटायझर भरपूर, असा एक समज आहे. स्टार सॅनचं प्रमाण 19 लिटर पाण्याला 30 मिलिलिटर. त्याहून जास्त घालून काही साधत नाही. पृष्ठभागावर वाळलेला थर असेल तर सॅनिटायझर त्याच्या खाली पोचतच नाही. आधी पीबीडब्ल्यूसारख्या क्लीनरने गरम पाण्यात भिजवून, घासून काढायचं, धुवायचं, मग सॅनिटायझर. बादलीच्या तोटीचे सगळे भाग सुटे करा. आत जो तपकिरी लगदा सापडतो तो पाहिल्यावर बऱ्याच प्रश्नांची उत्तरं मिळतात. बॉल व्हॉल्व्हचंही तेच. नळ्या स्वस्त असतात, संशय आला की बदला. ओरखडे पडलेली बादली धान्य भरायला वापरा.

दोन ठिकाणं लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक, माल्ट दळण्याची जागा. माल्टच्या टरफलावर लॅक्टोबॅसिलस मुबलक असतो, आणि त्याची धूळ तासन्‌तास हवेत तरंगते. ज्या खोलीत दळता तिथे साका उघडू नका; गॅरेज असेल तर दळण तिकडे न्या. दुसरी जागा आपलं स्वयंपाकघर. आपल्याकडे रोज विरजण लागतं, इडली-डोशाचं पीठ आंबतं, ताक घुसळलं जातं. हे सगळं लॅक्टिक जिवाणूंचंच काम आहे. डोशाचं पीठ ओट्यावर वर येत असताना शेजारी साक्याची बरणी उघडू नये, आणि बिअरचा डाव, गाळणी, नरसाळं स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नये. वेगळा संच ठेवा, घरच्यांनाही सांगून ठेवा.

थंड करताना फर्मेंटरमधली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. तिथे नळाचं पाणी नको. सॅनिटायझर किंवा व्होडका भरा.

बरणी वापरण्याआधी

बिअर करण्याच्या आदल्या दिवशी बरणी उघडून वास घ्या. पाव, फळं, ताजी बिअर असा वास चांगला. रस्सा, रबर, व्हिनेगर किंवा सडका कोबी असा असेल तर पुढे काही करायचं नाही. वास बरा असेल तर 50 ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (वर्ट सुकवून केलेली पूड) अर्ध्या लिटर पाण्यात उकळून गार करा, त्यात दोन मोठे चमचे साका घाला आणि 20 अंशांच्या आसपास ठेवा. बारा तासांत चांगला फेस आला पाहिजे. चोवीस तासांनी वरचं पाणी चाखा. त्यात हॉप्सचा आडपडदा नसल्याने आंबटपणा, लवंग, लोणी जे काही असेल ते उघड कळतं. ही बरणी आवडली नाही तर 20 लिटर बिअर आवडण्याचा प्रश्नच नाही, आणि पाकिटाची किंमत माल्ट, हॉप्स आणि गेलेल्या दिवसापुढे काहीच नाही.

ज्यांना एखादं यीस्ट वर्षभर चालवायचं आहे त्यांना मी साका जपण्यापेक्षा वेगळा मार्ग सुचवतो. स्टार्टर गरजेपेक्षा मोठा करा. दीड लिटरची गरज असेल तर दोन लिटरचा, दर लिटरला 100 ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्ट या प्रमाणात. बिअरमध्ये ओतण्याआधी अर्धा लिटर निर्जंतुक बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी त्यापासूनच नवा स्टार्टर सुरू करा. हे यीस्ट कधीच ट्रबमध्ये, हॉप्समध्ये किंवा सहा टक्के अल्कोहोलमध्ये राहिलेलं नसतं, आणि साखळीतली एखादी बिअर बिघडली तरी तिचा बिघाड या बरणीपर्यंत पोचत नाही. जंतू स्टार्टरमध्येही शिरू शकतात, हॉप्स नसल्याने सहजच शिरतात, तेव्हा फ्लास्क प्रत्येक वेळी उकळत्या वर्टनेच भरा. पाच-सहा फेऱ्या झाल्या की नवं पाकीट घ्या. बरणीवर यीस्टचं नाव, भरल्याची तारीख, कितवी फेरी आणि आधीची बिअर किती आकड्यावर थांबली एवढं लिहून चिकटवा. पुढच्या वेळी बिघाड झालाच तर शोध कुठून घ्यायचा ते त्या चिठ्ठीवरून ठरतं.